बंद असल्याची खात्री

ऑफिसात त्याला सगळे खुसपटे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं. पण दुसऱ्यांच्या कामात खुसपटं काढण्याच्या नोकरीत केस पांढरे झाल्यावर खरं आडनाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं, आणि नव्याने आलेली मुलं तर मोठ्या अदबीने 'खुसपटे सर' अशी हाक मारत. एका मुलीने लग्नाचं आमंत्रण दिलं, त्या पाकिटावर सुंदर अक्षरात 'श्री. व सौ. खुसपटे' असं लिहिलेलं होतं. बायकोने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"ही सौ. खुसपटे कोण?"

"तूच."

"मला न विचारता?"

"मलाही कुणी विचारलं नव्हतं."

लग्नाला दोघं गेली. बायको तिथे सौ. खुसपटे म्हणून ओळख करून घेऊन, जेवून, परत आली आणि म्हणाली की खऱ्या नावाने कधी कुणी इतका आग्रह केला नव्हता.

त्याची कंपनी प्रोग्रॅमिंगचा प्लॅटफॉर्म बनवी. म्हणजे इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम ज्याच्या अंगाखांद्यावर चालतात ती यंत्रणा. ती दिसत नाही, आणि नीट चालते तोवर कुणाला आठवतही नाही. या यंत्रणेच्या असंख्य कामांपैकी एकच खुसपटेच्या वाट्याला आलं होतं, आणि तेही अर्धं: असर्शन सांगितल्याप्रमाणे चालू आणि बंद होतात की नाही, हे बघणं.

असर्शन ही तशी साधी गोष्ट. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मध्येच एक ओळ टाकून ठेवतो, की इथवर आल्यावर हा आकडा शून्याच्या खाली असता कामा नये. असलाच, तर पुढे पाऊल टाकू नकोस, तिथेच बस आणि बोंब मार. थोडक्यात, पहारेकरी. प्रोग्रॅम तयार होत असतो तोवर हे पहारेकरी जागे ठेवतात. तो गिऱ्हाइकाकडे गेला की त्यांना झोपवतात, कारण पहाऱ्यात वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला वेळ नसतो. कुणी काहीच सांगितलं नाही तर ते झोपलेलेच असतात. सगळ्यांना जागं करता येतं, सगळ्यांना झोपवता येतं, आणि सगळे झोपवून एखाद्याच गटाला जागं ठेवता येतं. यातला एक नियम खुसपटेला विशेष प्रिय होता. प्रोग्रॅमचा एखादा तुकडा पहिल्यांदा कामाला लागतो, त्या क्षणी त्याच्या पहारेकऱ्यांना जी आज्ञा असेल ती कायमची. नंतर कितीही घसा कोरडा करा, ऐकणार नाहीत.

"आमच्या सासऱ्यांसारखं," तो नव्या मुलांना समजावून सांगे.

चालू आहे की नाही हे कुणीही तपासेल, ओरडलं की कळतं. बंद आहे की नाही हे तपासायचं म्हणजे शांततेकडे बघत बसायचं, आणि ही शांतता निरोगी आहे की तिला काही झालंय, ते ठरवायचं. असं काम वर्षानुवर्षं केलं की माणसाच्या स्वभावात उतरतं. गॅस बंद केलास का, असं तो घरी कधी विचारत नसे. तो काडी ओढून पेटतो का ते पाही. बायको एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होती. दिवसभर घाबरलेल्या माणसांना 'काही दुखणार नाही' असं सांगून घरी आल्यावर नवरा काडी घेऊन शेगडीपुढे उभा दिसला की ती म्हणे, "एक दिवस खरंच चालू असेल आणि मग तुम्हाला समाधान वाटेल."

"वाटेल," तो प्रामाणिकपणे म्हणे.

कामाचा उरलेला अर्धा भाग बुवांकडे होता. बुवा हेही टोपणनावच. कशालाही दोन वाक्यांत उत्तर न देता आधी प्रस्तावना, मग विवेचन आणि शेवटी आशीर्वाद अशा क्रमाने तो बोलत असे म्हणून पडलेलं. दोघांची टेबलं तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत समोरासमोर होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची बाजू दिसे, तिच्यावर लटकवलेल्या एसीच्या पेट्या आणि त्यांतून भिंतीवर ओघळलेले गंजाचे डाग. डबे एकत्र उघडायचे, भांडण एकाच विषयावर करायचं, आणि संध्याकाळी जिन्यावरून उतरताना बुवाने गुडघ्याविषयी आणि खुसपटेने जिन्याविषयी तक्रार करायची. दोघांनाही दुसरा मित्र नव्हता. तशी गरज पडली नव्हती.

वाटणी सरळ होती. सगळे पहारेकरी जागे किंवा सगळे झोपलेले असतानाच्या टेस्ट खुसपटेच्या. सगळे झोपलेले आणि एखाददुसरा जागा, अशा सरमिसळीच्या टेस्ट बुवाच्या. प्रत्येकाचा आपापला संच, तो चालवला की शेवटी पडदा हिरवा, म्हणजे पास, किंवा लाल, म्हणजे नापास. आणि एकमेकांच्या संचाला हात लावायचा नाही, ही त्या खोलीची रीत. कुणी ठरवली ते आठवत नव्हतं, पण दुसऱ्याच्या ताटातलं आपण उचलत नाही, तसंच ते.

भांडणाचा विषय होता खुसपटेची खोड. नवी टेस्ट लिहिली की ती जे तपासते तेच तो आधी मुद्दाम मोडून ठेवी आणि टेस्ट लाल होते का ते बघे. लाल झाली तरच तिच्यावर विश्वास.

"लाल होऊ न शकणारी टेस्ट ही शोभेची वस्तू," तो म्हणे.

"लेका, मांजर जिवंत आहे का हे बघायला तू आधी त्याला मारतोस," बुवा म्हणे. "अरे, कामावर श्रद्धा नावाची काही चीज असते."

"ती वेगळ्या खात्यात असते."

श्रद्धेचं म्हणावं तर फळ बुवालाच मिळत होतं. खुसपटेचा संच वरचेवर लाल व्हायचा, त्यावर बैठका व्हायच्या, प्लॅटफॉर्म लिहिणारी मंडळी कपाळाला हात लावून घ्यायची. बुवाचा संच कधीच लाल झाला नव्हता. बैठकीत पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवत, त्यांत बुवाची पट्टी एखाद्या निवांत कुरणासारखी हिरवी असे. 'बुवांचा भाग स्वच्छ' असं म्हणायची पद्धतच पडली होती. स्वच्छ भाग असलेल्या माणसाला लोक हसून नमस्कार करतात. खुसपटे जिन्यात भेटला की लोकांना फोन यायचा.

आणि मग मॅडमनी सांगितलं की या खोलीत एकच माणूस पुरेसा आहे.

मॅडम म्हणजे दोघांची वरिष्ठ. वयाने त्यांच्या मुलीसारखी, हुशार, आणि वाईट बातमी सांगताना खुर्ची जवळ ओढून घेणारी. ती त्यांना 'सर' म्हणे आणि ते तिला 'मॅडम'. त्यामुळे त्या खोलीत सगळेच एकमेकांचे वरिष्ठ होते, निर्णय तेवढे एकाच बाजूने येत. हे नवं रिलीज, म्हणजे प्लॅटफॉर्मची पुढची आवृत्ती, बाहेर पडलं, की दोघांतल्या एकाला जावं लागणार. कोण, ते वरचे लोक ठरवतील. ती हे सांगताना बुवाकडे बघत नव्हती, आणि खुसपटेकडे फार मायेने बघत होती. यावरून त्याला कळायचं ते कळलं.

त्याला त्याचा राग आला नाही, कारण निवड बरोबर होती. बुवाच्या बायकोची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. उपचार कंपनीच्या विम्यातून होत, आणि विमा नोकरीबरोबर जाणार होता. खुसपटेच्या घरी दोघंही धडधाकट, आणि एक नोकरी दातदुखीवर चाललेली, म्हणजे पक्की.

"बहुतेक मीच," त्याने घरी सांगितलं.

"बहुतेक?"

"अजून तपासलं नाही."

बायको हसली नाही. तिने त्याच्या ताटात न मागता भात वाढला.

रिलीजच्या आठवड्यात वहिनींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. बुवाने तिथूनच फोन केला. प्रस्तावना नाही, विवेचन नाही.

"माझा संच चालवशील? तेवढा निकाल भरायचा राहिलाय."

"चालवतो. वहिनी कशा आहेत?"

"बघू. आणि हे बघ, फक्त चालव. तुझे ते मांजर मारायचे प्रयोग नकोत. आत्ता नकोत."

"नाही रे."

त्याने चालवला. हिरवा. त्याने निकाल भरला. हिरवा. इथे उठून घरी गेला असता तर ही गोष्ट एखाद्या सुखी माणसाची झाली असती.

पण हात शिवशिवत होते. त्याला वाटलं, एकदाच, बुवाच्या संचाचं कौतुक म्हणूनच करू. त्याने प्लॅटफॉर्मची स्वतःपुरती एक प्रत घेतली आणि तिच्यात गटाला जागं करणारी आज्ञा मोडून ठेवली. संच चालवला. हिरवा. आपणच नीट मोडलं नाही असं समजून त्याने आणखी मोडलं. हिरवा. त्याने 'चालू'ची प्रत्येक आज्ञा 'बंद'ची करून टाकली. थोड्या कुरबुरी झाल्या, पण ज्या टेस्टना बोंब मारायला हवी होती त्या हिरव्याच. शेवटी त्याने चालू-बंद करणारा सगळा भागच प्लॅटफॉर्ममधून उपटून काढला. आता पहारेकऱ्यांना उठवणारं जगात कुणी उरलं नव्हतं. बुवाच्या सरमिसळीच्या टेस्टनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि त्या हिरव्या राहिल्या.

मग त्याने बुवाच्या ओळी वाचायला घेतल्या. कारण पहिल्याच पानावर सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. टेस्टची सुरुवात होती: सगळे झोपवा, फक्त हा एक गट जागा ठेवा. मग त्या गटाला डिवचून बघायचं, तो ओरडला का. आणि शेवटची ओळ निकालाची: ओरडला नसेल तर टेस्ट लाल. ही निकालाची ओळसुद्धा बुवाने असर्शननेच लिहिली होती. आणि ती ज्या तुकड्यात होती, तो तुकडा झोपवलेल्यांपैकीच एक होता. न्यायाधीशाला आधी झोपेचं औषध देऊन मग त्याच्यापुढे खटला उभा केला होता. तो गप्प राहिला, आणि गप्प राहणं म्हणजे पास.

ही चूक करायला त्याच खोलीत बसणारा माणूस लागतो. बाहेरच्या कुणाला ती सुचणारही नाही.

खुसपटेने निकालाची ओळ बदलून साधी 'जर असं नसेल तर' अशी लिहिली. ती कधी झोपत नाही. मग नवं रिलीज जसं बाहेर जाणार होतं तसंच, काही न मोडता घेतलं आणि संच पुन्हा चालवला.

लाल.

त्याने पुन्हा एकदा चालवला. लालच. बिघाड खरा होता. नव्या रिलीजमध्ये 'सगळे बंद, हा एकच गट चालू' असं सांगितलं की तो गट जागाच होत नव्हता. कुठलीही तक्रार न करता सगळे झोपून राहत. अशी आज्ञा फारसं कुणी देत नाही. देतात ते असे, की ज्यांना बाकी सगळीकडे वेग हवा असतो पण एका जागी पहारा सोडायची छाती होत नाही. रुग्णाच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप बनवणारी एक कंपनी त्यांची गिऱ्हाईक होती. औषधाचा हिशेब होतो तो एक गट ते कायम जागा ठेवत. त्यांनी तसं आवर्जून कळवलंही होतं.

म्हणजे सांगायला हवं होतं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि तो विचार करत बसला. सांगितलं की विचारणार, बुवांच्या संचाला हे का दिसलं नाही. मग ती झोपलेली ओळ बाहेर येणार, मग ती पहिल्यापासून झोपलेली आहे हे बाहेर येणार, आणि निवांत कुरणाच्या जागी इतकी वर्षं नुसता हिरवा रंग दिला होता हे सगळ्या मजल्याला कळणार. दोघांतला एक कोण, हे वरच्यांना पुन्हा ठरवावं लागणार. खरं बोलण्यात आपलं भलं आहे हे लक्षात आल्यावर त्याला ते खरं हातात धरवेना. आयुष्यभर त्याने लोकांना नकोशा गोष्टी सांगितल्या होत्या. स्वतःच्या फायद्याची गोष्ट सांगायची सवय नव्हती.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. बुवा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, मांडीवर वहिनींची शाल. उघड्या दारातून पलंग दिसत होता, आणि पलंगाशेजारी खांबाला लावलेलं एक लहानसं यंत्र, हिरवा दिवा लुकलुकणारं.

"झोपलीये," बुवा म्हणाला. "आता आठवड्यातून तीनदा आणावं लागेल म्हणतात. कायमचं. चालवलास?"

"चालवला."

"हिरवा?"

"हिरवा."

"मग सुतकी चेहरा करून काय आलायस? इथे तेवढे चेहरे आहेत, आणखी नको."

"बुवा, मी स्विच काढून टाकला."

"कुठला?"

"आपला. चालू-बंदचा. उपटून काढला. तुझा संच तरीही हिरवा."

बुवा हसला. मग त्याचं हसू मधेच थांबलं. कितीही श्रद्धाळू असला तरी तो याच धंद्यातला होता, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही.

"निकालाची ओळ," तो म्हणाला.

"हं."

"असर्शननेच लिहिलीय मी."

"हं."

"आणि तो तुकडा बंद."

"तूच बंद केलायस. पहिल्याच ओळीत."

बुवाने शालीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"साधं जर-तर लिहिलं असतं तर..." तो म्हणाला. "अरे, मला ते सुबक वाटलं रे. असर्शनची परीक्षा, असर्शननेच घेतलेली." मग म्हणाला, "बदलून टाक ना गुपचूप. कुणाला कळणारे?"

"बदलली. बदलली की लाल होते."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच बिघडलंय. एकटा गट जागा होत नाही. पंपवाले तसंच वापरतात."

बुवाने मान वळवून दारातून त्या यंत्राकडे पाहिलं. "हे त्यांचंच असेल का?"

"नाही. नाव दुसरं आहे. आल्या आल्या पाहिलं मी."

"तू पाहणारच." त्यात कौतुक नव्हतं. एक नर्स ट्रे घेऊन गेली. मग बुवा म्हणाला, "चला. मॅडमचं काम सोपं केलंस. दोघांतला एक कोण, यावर आता बैठक नको."

"मी त्याच्यासाठी नाही..."

"मला माहीत आहे. तू मुद्दाम केलेलं नाहीस." तो आवाज न चढवता बोलत होता. "पण मुद्दाम करायचं असतं, तर असंच केलं असतंस."

खुसपटेने ते मनात मोडून पाहिलं. वाक्य नीट होतं. त्यात खोट नव्हती.

"सांगू ना मग?" त्याने विचारलं.

"सांगणारच आहेस. परवानगी कसली मागतोस?" बुवा उठला आणि खोलीत गेला. दार त्याने हळूच लावून घेतलं, वहिनी जाग्या होऊ नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुसपटे मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि बिघाड सांगितला. कागदावर लिहून नेला होता, काय केलं की काय होतं, पायरीपायरीने. मॅडमने दोनदा वाचला. ती हुशार होती, तिचा चेहरा दुसऱ्या वाचनात उतरला.

"रिलीज थांबवावं लागेल."

"हो."

"पंपवाल्यांना हे गेलं असतं तर..." मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण सर, हा तर बुवा सरांचा भाग. तिथे काल हिरवं भरलेलं आहे."

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी त्याने येताना जिन्यात, प्रत्येक पायरीला मोडून बघत, एक वाक्य तयार केलं होतं.

"ते मी भरलं. बुवा रजेवर आहेत, त्यांचा संच मी चालवायचा होता. चालवला नाही. हिरवा असं लिहून टाकलं."

"तुम्ही?"

"तो कधी लाल होतच नाही, म्हणून म्हटलं, कशाला. आज सकाळी चुटपुट लागली म्हणून चालवून पाहिला."

वाक्यात भोकं होती. त्याला स्वतःलाच तीन दिसत होती. संच किती वाजता चालला याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. मॅडमने बसल्या जागी एक बटण दाबलं असतं तर कालच्या दुपारचं चालवणं तिथेच दिसलं असतं, आणि त्यानंतरचे ते सगळे प्रयोगही. खुसपटे वाट बघत उभा राहिला. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसासारखं त्याला मनातून वाटत होतं की आता आपल्याला पकडतील. तशी थोडी आशाही होती. कुणीतरी म्हणेल, छे, खुसपटे आणि न चालवता? दाखवा बघू.

मॅडमने खुर्ची जवळ ओढून घेतली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, सर," ती म्हणाली.

इतकंच. तिने ते तपासलं नाही. तिच्यानंतर ज्यांच्याकडे ते वर गेलं त्यांनीही तपासलं नाही. इतकी वर्षं त्याने सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवर बैठका भरल्या होत्या, लोकांनी पुरावे मागितले होते, पुन्हा करून दाखवा म्हटलं होतं. हे एकच खोटं पहिल्या फटक्यात सगळ्यांना पटलं. मजल्यावर बातमी पसरली तेव्हा लोकांना धक्का बसला, पण बसल्यावर बरंही वाटलं, असं त्याला दिसलं. जिन्यात त्याला बघून कुणाला फोन येईनासा झाला. एकाने तर खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं हो सर. माणूस आहे." हे वाक्य त्याला कामाच्या ठिकाणी पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवत होतं.

रिलीज उशिरा गेलं, पण नीट गेलं. पंपवाल्यांना काय टळलं ते कधी कळलं नाही. बुवा रजेवरून आला आणि त्याने एका दुपारी आपल्या सगळ्या निकालाच्या ओळी बदलल्या. खुसपटे समोरच बसला होता. बुवाने प्रत्येक टेस्ट मोडून पाहिली, लाल होते का, मग जोडली. पुढच्या बैठकीत त्याची पट्टी पुन्हा हिरवी होती. आता ती खरी होती, पण पडद्यावर रंगात काही फरक दिसत नव्हता. दोघांतल्या एकाचा निर्णय त्याच बैठकीनंतर आला. तो सांगताना मॅडमला माया दाखवायची गरज पडली नाही.

उरलेले दिवस दोघं डबे उघडत, पण एकत्र नाही. बुवाला एक वाजता भूक लागे, खुसपटेला दीड वाजता. गुडघ्याविषयी कुणी बोललं नाही. उपकाराचं ओझं झालेला माणूस आणि उपकार करून बसलेला माणूस एका खोलीत राहणं अवघड असतं. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने आधी बाहेर जावं. इथे कोण जाणार ते ठरलेलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

शेवटच्या दिवशी तो एक पिशवी घेऊन घरी आला. कप, चष्म्याचं जुनं घर, चार्जर. बायको आधीच आलेली होती. नोकरी जाणार हे तिला माहीत होतं. का गेली ते मात्र तिला त्याच दुपारी कळलं होतं, आणि तेही ऑफिसातल्या कुणाच्या तरी तोंडून, दात उपटायच्या आधी.

"ते म्हणाले, तुम्ही न चालवताच हिरवं लिहिलंत."

"हो."

ती मोठ्याने हसली. महिनाभरात त्या घरात कुणी इतक्या मोठ्याने हसलं नव्हतं. "आणि त्यांना ते खरं वाटलं?"

"सगळ्यांना."

"अहो, लग्नाच्या नोंदणीवर स्वतःचीच सही तुम्ही दोनदा ताडून पाहिली होतीत. तो कारकून मला विचारत होता, बाई, विचार केलाय ना नीट?" ती हसायची थांबली. "खरं काय?"

त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, पिशवी हातात तशीच. सांगायला फार वेळ लागला नाही. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता पलीकडच्या खुर्चीवर बसली.

"बुवांना माहीत आहे हे?"

"आहे."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही? एवढं सगळं... निघताना तरी?"

"निघताना विचारलं त्याने. तुझी खुर्ची घेऊ का म्हणून. त्याच्या खुर्चीचं चाक मोडलंय."

"मग?"

"घे म्हणालो."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, आतला कप काढून बेसिनमध्ये ठेवला आणि नळ सोडला. पाठमोरीच म्हणाली, "चांगली होती का तरी?"

"बरी होती. थोडी डावीकडे कलते."

"सांगितलंत त्यांना?"

"नाही," तो म्हणाला. "बसल्यावर कळेल."